नवसाचा पत्रा

चित्र फळ्यावर टोचून माझा हात अजून टाचणीवरून निघाला नव्हता, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ॲक्सिडेंट!"

चित्र लहानसं आहे. मूळचं वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर तैलरंगात रंगवलेलं. माझ्याकडे होती ती त्याची छापील प्रत. रस्त्यात ट्रामने बसला धडक दिलीय. एक मुलगी रुळांपाशी आडवी पडलीय. वर आकाशात दुःखी चेहऱ्याची माता आणि खाली ओळीने लिहिलेला मजकूर. पाचवीच्या मुलांना ट्राम ठाऊक नव्हती, तिला त्यांनी रेल्वे करून टाकलं. बाकीचं सगळं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. ही पोरगी पडली, हिला लागलं, पण ही वाचली. कशावरून वाचली? मी विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "वरती देव काढलाय ना. मेली असती तर कशाला काढला असता?"

हे चित्र कोणत्या देशातलं, कोणी काढलं, यातलं काहीही मी अजून सांगितलं नव्हतं.

मी ओझरच्या पंचक्रोशीत चित्रकला शिकवते. मेक्सिकोची लोककला मुलांपुढे मांडायची तर सुरुवात कुठून करावी, यावर मी बरेच दिवस विचार केला होता. दारं तशी पुष्कळ होती. नारायणगावच्या बाजारातून जो टोमॅटो ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातो, त्याचं नाव तिकडच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलेलं आहे. मका तिकडचा, मिरची तिकडची. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूसुद्धा तिकडचाच. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरी येणाऱ्या पितरांना वाट सापडावी म्हणून याच पिवळ्या पाकळ्या अंथरतात. आपल्या शेतात नांदणाऱ्या या सगळ्यांचं माहेर मेक्सिको आहे असं सांगितलं की मुलं खूश होतात. माहेरची माणसं कशी असतील हे बघायची त्यांना आपोआप ओढ लागते.

मुलांसाठी मेक्सिकोची ओळख बहुतेक ठिकाणी रंगीत कवट्यांपासून सुरू होते. मग कागद कोरून केलेल्या पताका येतात. पातळ कागदांची चवड लावून छिन्नीने एकदम कोरलेल्या त्या पताका आपल्या जत्रेतल्या पताकांच्या चुलतबहिणीच. मग येतात ते आलेब्रिहे, म्हणजे पंख फुटलेली गाढवं आणि शिंगांचे कोंबडे. मेक्सिको शहरात कागदाच्या लगद्याचं काम करणारे पेद्रो लिनारेस 1936 साली आजारी पडले, तापाच्या ग्लानीत त्यांना हे प्राणी दिसले आणि बरं झाल्यावर त्यांनी ते घडवले, अशी त्यांची कथा सांगतात. मुलांना हे फार आवडतं. मीही ते दाखवलं. पण तो तास संपला आणि मुलांच्या हातात फक्त 'मजेशीर' एवढाच शब्द उरला, हे मला टोचत राहिलं. लांबच्या माणसांची कला म्हणजे गंमत, एवढंच मुलं शिकणार असतील तर ती न दाखवलेली बरी. म्हणून पुढच्या तासाला मी हा पत्रा आणला.

याला स्पॅनिशमध्ये एक्सव्होतो म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'नवसापोटी' असा आहे. मेक्सिकोत लोक याला सरसकट रेताब्लोही म्हणतात. मला मात्र 'नवसाचा पत्रा' हाच शब्द बरोबर वाटतो, आणि ओझरच्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. विघ्नहर गणपतीच्या गावात नवस म्हणजे काय, हे कुणाला सांगायचं? संकष्टीला रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कितीजण काहीतरी फेडायला आलेले असतात. कुणी एकवीस मोदक बोललेलं असतं, कुणी अभिषेक, कुणी गावापासून पायी चालत येणं. मूल झालं की पाळणा वाहतात, डोळा बरा झाला की चांदीचे डोळे. मेक्सिकोतही धातूचे बारीक हात, पाय, डोळे, काळीज देवापुढे टांगतात. त्यांना तिथे 'मिलाग्रो' म्हणतात. मिलाग्रो म्हणजे चमत्कार.

पण पत्र्याची गोष्ट आणखी पुढची आहे. तिथला माणूस देवाला वस्तू वाहून थांबत नाही. जे घडलं त्याचं तो चित्र काढून घेतो.

सतराव्या-अठराव्या शतकात अशी चित्रं पैसेवाले लोक कॅनव्हासवर काढून घेत. एकोणिसाव्या शतकात कल्हईचा पत्रा स्वस्त झाला आणि मजूर, शेतकरी, विधवा बाया, शिपाई यांनाही चित्र परवडू लागलं. गावातल्या चितारीकडे जायचं, आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं, त्याने ते ऐकून रंगवायचं आणि तो पत्रा नेऊन देवळाच्या भिंतीला टांगायचा. हालिस्को राज्यातलं सान हुआन दे लोस लागोस, साकातेकासमधलं प्लातेरोस अशा तीर्थक्षेत्रांच्या भिंती या पत्र्यांनी भरून गेल्या. चितारी बहुधा सही करत नसे. सही करणाऱ्यांत एरमेनेखिल्दो बुस्तोस (1832–1907) यांचं नाव आज मोठं आहे. ग्वानाहुआतो राज्यातल्या पुरिसिमा देल रिंकोन या गावी ते राहत, पोटासाठी बर्फाच्या गोड पदार्थांपासून पत्र्याच्या कामापर्यंत पडेल ते करत, आणि चित्रांवर स्वतःला 'हौशी' म्हणवत. त्यांनी रंगवलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चेहऱ्यांपुढे आज मोठमोठ्या संग्रहालयांत लोक थांबतात.

आता पत्रा जवळून बघू.

त्याचे तीन मजले असतात. वर ढगात देव, माता किंवा संत. मध्ये प्रसंग. खाली लेखन: कोण, कुठे, कधी, काय झालं, आणि कोणाच्या कृपेने सुटलो. मला भारून टाकतो तो मधला मजला. देवाचे आभार मानायला काढलेलं हे चित्र, पण सगळ्यात जास्त जागा त्यात संकटाला दिलेली असते. बैलाने शिंगावर घेतलेला माणूस, विहिरीत पडलेलं पोर, बंदुका रोखून उभी असलेली शिपायांची रांग, कोसळलेली भिंत, अंथरुणाला खिळलेली बाई. देव वर कोपऱ्यात लहानसा. संकट मात्र पूर्ण आकाराचं, त्याच्या ठिकाणासकट, तारखेसकट. आभार मानताना माणूस आपली भीती झाकत नाही. किती घाबरलो होतो हे दाखवल्याशिवाय वाचलो म्हणजे काय, हे देवाला तरी कसं कळणार, अशी त्यामागची सरळ समजूत असावी.

हे बघताना मला आमच्या विघ्नहराची कथा आठवली आणि मुलांनाही मी तीच विचारली. ती त्यांना पाठच आहे. विघ्नासुर दैत्य सगळ्या यज्ञांत विघ्नं आणत होता, गणपतीने त्याला हरवलं, तो शरण आला आणि त्याने मागितलं काय, तर तुझ्या नावाच्या आधी माझं नाव घेतलं जावं. देवाने ते दिलं. म्हणून ओझरचा देव विघ्नेश्वर, विघ्नहर. हरवलेल्या संकटाचं नाव देवाच्या नावात कायमचं राहिलं. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तिचा हा अर्थ मला मेक्सिकोच्या एका पत्र्याने दाखवला. तिथेही देवाचं चित्र आहे ते संकटाचं नाव आधी घेऊन. एक मुलगा म्हणाला, "म्हंजी आपल्या देवाच्या नावात ॲक्सिडेंट हाय." मी त्याचं वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं.

मुलांनी एक दोषही काढला. मी दुसरी एक प्रत लावली होती, आजाऱ्याच्या खाटेची. "खाट वाकडी काढलीय बाई, पेशंट खाली घरंगळंल." खरं आहे. या पत्र्यांवरच्या खाटा बघणाऱ्याकडे कललेल्या असतात, भिंतीला टेकवून उभ्या केल्यासारख्या. खोलीतला माणूस दारापेक्षा मोठा असतो. आपण शाळेत ज्याला यथार्थदर्शन म्हणतो, ते इथे जुळत नाही. मी त्यांना म्हटलं, खाट सरळ काढून बघा. त्यांनी काढली. आजाऱ्याचे फक्त तळवे आणि पांघरुणाचा उंचवटा दिसू लागला, चेहरा गेला. मग त्यांचं त्यांनाच कळलं. चितारीला खाट दाखवायची नव्हती, आजारी माणूस दाखवायचा होता. वारली चित्रात गाव वरून दिसतं आणि माणसं मात्र समोरून, तेही याच गरजेपोटी. जे सांगायचं आहे ते लपू नये, हा नियम दोघांनीही पाळलाय. याला अज्ञान म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

अपघाताच्या चित्राचा इतिहास मी मुलांना शेवटी सांगितला. 17 सप्टेंबर 1925 रोजी मेक्सिको शहरात अठरा वर्षांची एक मुलगी बसने घरी निघाली होती. बसला ट्रामने धडक दिली. तिचा पाठीचा कणा, कंबर, पाय मोडले. महिनोन्महिने ती अंथरुणात होती, आणि तिथेच पडल्यापडल्या तिने चित्रं काढायला सुरुवात केली. तिचं नाव फ्रीदा काहलो. पुढे जगभर नाव झाल्यावरही तिला वेड होतं ते या निनावी पत्र्यांचं. तिच्या कोयोआकानच्या निळ्या घरात शेकडो पत्रे भिंतीवर लावलेले होते, आजही आहेत. तिची स्वतःची काही चित्रंही लहान आकाराची, धातूच्या पत्र्यावर काढलेली आहेत. 1932 चं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' हे त्यांतलंच.

1940 नंतरच्या काळात तिला एक जुना पत्रा मिळाला. दुसऱ्याच कुणाचा तरी अपघात, दुसऱ्याच कुणीतरी फेडलेला नवस. पण धडक हुबेहूब तिच्याच अपघातासारखी. तिने त्या पडलेल्या मुलीला आपल्या जुळलेल्या भुवया काढल्या, गाडीवर पाटी रंगवली आणि खाली मजकूर लिहिला: आपल्या मुलीला 1925 च्या अपघातातून वाचवल्याबद्दल तिचे आई-वडील दुःखी माता मेरीचे आभार मानतात, अशा अर्थाचा. ठिकाणही लिहिलं, कुठल्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते.

मी हे चित्र कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी त्या भुवयांपाशी थांबते. अनोळखी माणसाच्या दुःखावर तिने केवळ दोन रेघा ओढल्या आणि ते आपलं करून घेतलं. तिला नवा पत्रा रंगवता आला नसता का? तिच्याएवढा हात दुसऱ्या कुणाचा होता? पण तिने दुसऱ्याच्याच पत्र्यावर काढायचं ठरवलं. माझ्या मते तिला त्या भिंतीवरच्या लोकांच्या ओळीत उभं राहायचं होतं. आणि आभार तिने स्वतःच्या नावाने मानले नाहीत, आई-वडिलांच्या नावाने मानले. त्यांनी तेव्हा न टांगलेला पत्रा लेकीने जवळजवळ वीस वर्षांनी त्यांच्यासाठी टांगला. नवस फेडायचा राहिला की तो पुढच्या पिढीने फेडायचा असतो, हे आमच्याकडे प्रत्येक आजीला माहीत आहे.

लहान मुलांना लोककला शिकवण्याचा प्रयत्न मेक्सिकोने स्वतःही मोठ्या हिमतीने केलाय. क्रांतीची धुमश्चक्री थांबल्यावर 1921 साली तिथे नवं शिक्षणमंत्रालय उभं राहिलं, आणि त्याच वर्षी राजधानीत लोककलेचं मोठं प्रदर्शन भरलं. आदोल्फो बेस्त मोगार्द या चित्रकाराने जुन्या मातीच्या भांड्यांवरच्या नक्षीचे ढीगभर नमुने हाताने उतरवून घेतले होते. त्यांतून त्याने सात मूळ आकार काढले: चक्राकार वळण, वर्तुळ, अर्धवर्तुळ, इंग्रजी एस अक्षरासारखं वळण, लाटेची रेघ, नागमोडी टोकदार रेघ आणि सरळ रेघ. एवढ्यावर सगळी नक्षी उभी राहते, असं म्हणत त्याने ते मेक्सिकोच्या शाळांत शिकवायला घेतलं. 1923 साली त्याचं पुस्तकही निघालं. मी हे सात आकार फळ्यावर काढले तेव्हा मुली हसायला लागल्या. गोपद्म, लाट, कमळाची पाकळी, सगळं रांगोळीत होतंच. त्यांनी दहा मिनिटांत मेक्सिकोची नक्षी काढून दाखवली. पद्धत सुंदर आहे, मी ती वापरते. तरी माझा जीव पत्र्यातच जास्त गुंततो. सात आकारांनी हात वळतो; काय सांगायचं ते मात्र पत्र्याकडूनच शिकावं लागतं.

त्याच शिक्षणमंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिवेराने 1920 च्या दशकात भिंतीच्या भिंती रंगवल्या. हाच पुढे फ्रीदाचा नवरा झाला. त्यातल्या एका चित्रात मेजाभोवती बसलेल्या माणसांना भाकरी वाटणारा गृहस्थ आहे, तो वर्ध्याचा. क्रांतिकारक आणि शेतीतज्ज्ञ पांडुरंग खानखोजे. इंग्रजांमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि ते मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्याच्या वाणांवर काम करत राहिले; शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोच्या मुलांच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर एक मराठी माणूस भाकरी वाटतोय, हे सांगताना माझाच आवाज बदलला. मुलांना ती भाकरीच बघायची होती, मक्याची की गव्हाची म्हणून.

आणि आपल्या जवळची एक खूण. घोडेगावच्या पुढे भीमाशंकरला देवळासमोर जी मोठी घंटा आहे, तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. ओझरच्या देवळाचं सोन्याचं शिखरही त्याच विजयानंतर अप्पांनीच चढवलं, असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे आमच्या शिखरावरही एका सुटकेचे आभार लखलखताहेत. मेक्सिकोच्या पत्र्यांच्या वरच्या मजल्यावर पुष्कळदा असते तीच मेरी भीमाशंकरला, बाळासह, महादेवापुढे टांगलेली आहे आणि लोक तिच्यावर टोल देऊन आत जातात. मुलांपैकी अनेकांनी ती घंटा वाजवलेली होती. मेरीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

एक फरक मात्र मी त्यांच्यापासून लपवला नाही. आपला नवस बहुधा मनातल्या मनात बोललेला असतो. फेडतानाही आपण काय मागितलं होतं ते चारचौघांत सांगत नाही; पाळणा दिसतो, त्यामागची रात्र दिसत नाही. तिथला माणूस आपलं नाव, गाव आणि फजिती भिंतीवर लिहून टांगतो. सीमा ओलांडून अमेरिकेत मजुरीला गेलेल्या मेक्सिकन माणसांनी नदीत वाहून जाता जाता वाचल्याचे, परक्या इस्पितळात पडल्याचे पत्रे गावच्या देवळात आणून लावले. ते वाचून मागच्यांना कळलं की वाटेत काय काय असतं. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बायका तर आपलं दुखणं नवसातही अर्धंच बोलतात.

म्हणून मी मुलांना पत्रा करायला सांगितला. पत्र्याच्या धारेने हात कापतील म्हणून जुन्या वह्यांचे पुठ्ठे घेतले. रीत तिकडचीच: जोडी लावायची, एकाने स्वतःवर आलेलं संकट सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. ढगात कुणाला बसवायचं ते सांगणाऱ्याने ठरवायचं. आमच्या भागात संकटाला तोटा नाही. उसातला बिबट्या पाच पुठ्ठ्यांवर आला. एकात तो मोटारसायकलच्या उजेडात उभा आहे, डोळे पिवळेधमक, आणि गाडीवर मागे बसलेलं पोर बापाच्या पाठीत तोंड खुपसून. वर विघ्नहर, सोंडेने उसाकडे दाखवतोय. एकाने ढगात पीराची हिरवी चादर काढली. एकाने मुक्तादेवी. वीज पडलेलं झाड, मोडलेला हात, आजोबांना चावलेला साप.

एक मुलगी बराच वेळ काही सांगेना. शेजारचा मुलगा पेन्सिल धरून बसला होता. मग तिने शेततळ्याचं सांगितलं. धाकटा भाऊ काळ्या कागदावरून घसरून आत गेला. त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, हात ठरत नाही. तिने ओरडायला सुरुवात केली आणि पलीकडच्या वावरात कांदे काढणारी काकी धावत आली. मुलाने विचारलं, "दोर टाकला का?" "दोर कुठला? अंगावरची साडीच सोडली काकीनं." "रंग?" "हिरवा."

ढगात कोण, असं त्याने विचारलं तेव्हा ती माझ्याकडे आली. "बाई, ढगात काकी काढली तर चालंल का?" शेजारचा म्हणाला, ढगात देवच असतो. मी म्हटलं, सांगणारी ती आहे.

त्याने काकीला ढगात बसवलं, परकर-पोलक्यावर, हातात कांद्याची पात. साडीचं एक टोक तिच्या मुठीत आणि दुसरं खाली तळ्यात, भावाच्या हातात. मी पाहिलेल्या मेक्सिकोच्या पत्र्यांत वरचा मजला आणि मधला मजला ढगाने वेगळे ठेवलेले असतात. देव बघतो, हात पोचवत नाही. या पुठ्ठ्यावर हिरवा पट्टा ढग फाडून सरळ पाण्यापर्यंत आलेला होता. त्या मुलाने तो तीनदा गिरवला, रंग संपेपर्यंत.

खाली तिने स्वतः लिहिलं. भावाचं नाव, तिचं नाव, गाव, उन्हाळ्याची सुट्टी, दुपारची वेळ. 'शेततळ्यात' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलाय. माझ्या हातात लाल पेन होतं, ते मी टोपण लावून ठेवून दिलं. शाळा सुटल्यावर तिने पुठ्ठा दप्तरात घातला नाही, उभा धरून नेला. काकीच्या घरी लावायचा होता, आणि रंग अजून ओला होता.